हजेरीतले सतरा

बुधवारी दुपारी ताईचा फोन आला तेव्हा बारक्या स्वतःवर बेहद्द खूश होता. वय सेहेचाळीस, कानशिलं पांढरी झालेली, चष्म्याचा नंबर दरवर्षी बदलतोय, तरी घरात तो बारक्याच. ताईपेक्षा तेरा वर्षांनी धाकटं असण्याची ही शिक्षा होती आणि तिच्यात सूट मिळायची काही चिन्हं नव्हती.

पोटासाठी तो एका छापखान्यातले संगणक सांभाळायचा. जीव मात्र अडकला होता ‘वेचणी’त. वेचणी हे त्याने स्वतः लिहिलेलं एक छोटं अवजार. त्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत, माउसचा संबंध नाही. काळा पडदा आणि त्यावर अक्षरं, बस्स. तिला हजार ओळींची यादी द्या आणि एखादा शब्द टाइप करा, तो शब्द असलेल्याच ओळी पडद्यावर उरतात. बाणाने खाली-वर जायचं, हव्या त्या ओळीवर टॅब दाबला की तिच्यापुढे चांदणी उमटते. चांदण्या देऊन झाल्या की एंटर. निवडलेल्या ओळी पुढच्या कामाला रवाना. जगाच्या पाठीवर चार हजारांहून जास्त माणसं ही एवढीशी गोष्ट रोज वापरत होती आणि त्यातल्या एकाचंही तोंड बारक्याने पाहिलं नव्हतं. अपवाद ताईचा. वेचणी मुळात त्याने ताईसाठीच लिहिली होती, अकरा वर्षांपूर्वी.

नऊ दिवसांपूर्वी त्याने वेचणीची नवी आवृत्ती काढली होती. त्यात दोन सुधारणा होत्या. पहिली लोक कधीपासून मागत होते. एक शब्द शोधून ओळींना चांदण्या दिल्या आणि मग दुसरा शब्द शोधायला गेलं, की आधीच्या चांदण्या पुसल्या जायच्या. लोक वैतागायचे, लांबलचक तक्रारी लिहायचे. आता चांदण्या टिकून राहत होत्या. ओळ पडद्यावर दिसो न दिसो, तिची चांदणी जागची हलत नव्हती. दुसरी सुधारणा किरकोळ. पडद्याच्या तळाशी ‘निवडलेल्या ओळी’ असं लिहून पुढे आकडा यायचा. तो काढून टाकून बारक्याने यादीला एक ओळ जास्तीची जागा दिली. बदलांच्या टिपणात त्याने ऐटीत लिहिलं होतं, ‘हा आकडा कुणी बघत नाही.’

तेव्हापासून रोज शाबासकीचे निरोप येत होते. कुणीतरी लिहिलं होतं की या एका बदलाने माझी रोजची दहा मिनिटं वाचली. ते वाक्य बारक्याने बायकोला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “माझी पाच मिनिटं गेली त्यात.”

ताई कामाच्या वेळात कधी फोन करत नसे. जगबुडी आली तरी ताई पाच वाजेपर्यंत थांबेल आणि मग फोन करेल, असं बारक्या म्हणायचा. म्हणून पावणेतीनला तिचं नाव दिसलं तेव्हा तो खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

“बारक्या,” ती म्हणाली, “सतरा जळाले.”

“काय जळालं?”

“एकुलते. सतराच्या सतरा. माझ्या हातनं.”

तिचा आवाज अगदी शांत होता. एकुलते म्हणजे काय हे त्याला सांगावं लागत नव्हतं. ताईच्या घरी जेवायला बसलेल्या प्रत्येक माणसाला ते कधी ना कधी ऐकावं लागलं होतं.

ताई बियाण्यांच्या भांडारात नोंदणीचं काम करायची. बत्तीस वर्षं झाली होती, निवृत्तीला तीन महिने उरले होते. गहू, जव, मसूर, जवस, काकड्या, भोपळे, जे जे माणसांनी कधीकाळी पेरलं आणि मग सोडून दिलं, त्याचं बी पाकिटांत बंद करून तिथल्या थंडखोलीत ठेवलेलं असे. बी कायमचं जिवंत राहत नाही. म्हणून जुनं पाकीट काढून पेरायचं, नवं बी धरायचं, ते पाकिटात घालायचं आणि जुनं पाकीट जाळून टाकायचं. दर तिसऱ्या महिन्याच्या एका बुधवारी मागच्या अंगणातली भट्टी पेटे आणि पन्नास ते सत्तर जुनी पाकिटं तीत जात. पण जुन्या पाकिटांच्या यादीत काही अशीही होती, ज्यांचं नवं बी अजून धरलंच नव्हतं. त्या वाणाचं अख्ख्या जगात तेवढं एकच पाकीट. त्यांच्या नोंदीपुढे ‘एकच’ असा शेरा असे. ताई त्यांना एकुलते म्हणायची. सध्या ते सतरा होते.

बारक्या छापखान्यातून निघाला तो सरळ भांडारात पोचला.

मागच्या अंगणात भट्टीचं झाकण उघडं होतं आणि कोटकाका राखेत लोखंडी सळई फिरवत होते. थंडखोली सांभाळणारा हा माणूस भर उन्हातही जाड कोट घालून हिंडायचा, म्हणून कोटकाका. उणे अठरात दहा मिनिटं काम करायचं, बाहेर यायचं, हात चोळायचे, परत आत. वीस वर्षं हेच. सळईने ते काय शोधत होते देव जाणे. राख पिठासारखी बारीक होती.

“मला वरनं कागद येतो,” ते बारक्याकडे न बघता म्हणाले. “कागदावर नुसते नंबर. नंबर बघायचा, खण ओढायचा, जुनं पाकीट काढायचं, पोत्यात टाकायचं. बोटं आखडलेली असतात, मी खणात डोकावत नाही. दुपारी खणांवर चिठ्ठ्या लावायला गेलो तर सतरा खण मोकळे. म्हटलं, मोकळे कसे? नवं पाकीट तरी आत हवं.”

“आज नंबर जास्त होते ते लक्षात नाही आलं?”

“कधी पन्नास असतात, कधी सत्तर. मी कशाला मोजू? नोंदणीच्या बाईंनी मोजलेलं असतं.” एवढं म्हणून त्यांनी सळई टाकून दिली आणि कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. साठीचा माणूस असा रडताना बघून बारक्याला कुठे बघावं ते कळेना.

वर कार्यालयात ताई तिच्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. समोर मोठ्या बाई, म्हणजे भांडाराच्या प्रमुख, एक कागद धरून उभ्या होत्या.

“यंत्रात नोंद आहे,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “अकरा वाजून चार मिनिटं, तुमच्या नावाने सत्याहत्तर ओळी खाली गेल्या. जायला हव्या होत्या साठ.”

“हो,” ताई म्हणाली. “मीच पाठवल्या.”

“होतं असं कुणाकडनंही.”

“माझ्याकडनं होत नाही.”

हे ती फुशारकीने म्हणत नव्हती. मोठ्या बाईंनाही ते माहीत होतं. मग ताईने टेबलाच्या खणातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांच्यापुढे सरकवला. तो राजीनामा होता. तीन महिने थांबायलाही ती तयार नव्हती.

“उद्या सकाळी दहाला डॉक्टरची वेळ घेतलीय,” ती बारक्याला म्हणाली. “आईचे होते तेच. सोबत येशील?”

आई शेवटची चार वर्षं कुणालाही ओळखत नव्हती. सुरुवात झाली होती शेगडीवर विसरलेल्या दुधापासून, आणि शेवटी ती ताईला ‘अहो बाई’ म्हणून हाक मारायची आणि माझी मुलगी कधी येणार म्हणून विचारायची. ते सगळं ताईनेच काढलं. तेव्हापासून ताई कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघायची, औषधाच्या गोळ्या मोजून डबीत भरायची, आणि कधी एखाद्या शेजाऱ्याचं नाव चटकन आठवलं नाही तर तिचा चेहरा पांढरा पडायचा. या एका गोष्टीची थट्टा बारक्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

“येतो,” तो म्हणाला. “पण ताई, एक चूक म्हणजे काही—”

“सतरा चुका,” ताई म्हणाली. “आणि त्याही कुठल्या? ज्यांना हात लावायचा नाही म्हणून मी सकाळी एकेकाचं नाव घेतलं, नेमक्या त्याच. माझं मलाच कळत नाहीये मी काय केलं. तू उगाच समजूत काढू नकोस.”

घरी येईपर्यंत बारक्याच्या डोक्यात एकच विचार होता, तिला एकटं ठेवायचं नाही. पाठीमागची खोली रिकामी करावी लागेल, मुलाचं टेबल बाहेर काढावं लागेल. सहा वाजता मन दुसरीकडे वळवायचं म्हणून त्याने संगणक उघडला. एक नवा निरोप आला होता, कुठल्याशा अनोळखी माणसाचा: ‘पूर्वी शब्द खोडला की चांदण्या पुसल्या जायच्या, आता सगळ्या शेवटपर्यंत राहतात. कमाल आहे.’

त्याने तो वाचला, गालातल्या गालात हसला, आणि हसू तिथंच थिजलं.

ताईची हजेरी.

दर भट्टीच्या दिवशी ताई एक गोष्ट करायची. भांडारातल्या दुसऱ्या कुणालाही ती कधी सुचली नसती. आधी ती वेचणीत ‘एकच’ असा शब्द टाकायची. सतरा ओळी उरायच्या. प्रत्येक ओळीवर टॅब दाबून, चांदणी देऊन, ती त्या वाणाचं नाव मोठ्याने वाचायची. चांदणी देत वाचलं की एकही सुटत नाही, असं तिचं म्हणणं. सगळे हजर आहेत ना, बघून घ्यायचं. यांना आज जायचं नाही, हे स्वतःच्या मनाला बजावायचं. मग ‘एकच’ खोडायचं, चांदण्या आपोआप पुसल्या जायच्या, पाटी कोरी. आणि मग नवं बी आलेल्यांपुढचा ‘ताजं आलं’ हा शेरा टाकून जाळायची साठ पाकिटं निवडायची. बारक्याला हे ठाऊक होतं. त्याने स्वतःच त्याला हजेरी हे नाव दिलं होतं. ‘शाळेत मास्तरीण व्हायची ती चुकून इथं आलीस,’ असं तो तिला चिडवायचा.

त्याने आठ ओळींची एक खोटी यादी केली. पाचांपुढे लिहिलं ‘एकच’, तिघांपुढे ‘ताजं’. वेचणी उघडली. ‘एकच’ टाकलं, पाच चांदण्या दिल्या. शब्द खोडून ‘ताजं’ टाकलं. पडद्यावर तीन ओळी, तिन्ही कोऱ्या. बाकीच्यांचा मागमूस नाही. तिघांना चांदण्या दिल्या, एंटर मारला.

आठ ओळी बाहेर आल्या.

तो त्या आठ ओळींकडे बघत राहिला. पुन्हा करून बघितलं, पुन्हा आठ. आपण काय केलंय हे त्याला एका झटक्यात समजलं. मागच्या रविवारी ताई कार्यालयाचा लॅपटॉप घेऊन जेवायला आली होती. ती आत चहा टाकत होती तेवढ्यात त्याने त्यावर नवी वेचणी चढवली. ‘काही बदललंय का रे?’ तिने आतून विचारलं होतं. ‘काही नाही,’ तो म्हणाला होता. ‘तुझ्यासाठी सगळं तसंच.’ ताईला बदलाचा ताप नको, उगाच घाबरेल, अशी प्रेमळ अक्कल त्याने चालवली होती.

“काय झालं?” दारातून बायको.

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना तोंड असं असतं?”

त्याने सांगितलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची. एका गोळीऐवजी दुसरी गेली तर काय होतं, हे तिला कुणी समजावून द्यावं लागत नव्हतं. ती पलंगाच्या कडेवर टेकली.

“हे आणखी कुणाला माहितीय?” तिने विचारलं.

“कुणाला नाही.”

ते शब्द बाहेर पडले आणि त्याला स्वतःचीच भीती वाटली. खरंच कुणाला माहीत नव्हतं. भांडारात वेचणी काय आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नोंदीत ताईचं नाव होतं, ताईने मान्य केलं होतं, राजीनामा दिला होता. गुपचूप चूक सुधारून टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. आणि डॉक्टरने काही नाही म्हणून सांगितलं की ताईही हळूहळू सावरली असती. असा विचार त्याच्या मनात आला, नाही असं नाही. पुरतं मिनिटभर आला.

“डॉक्टरनं तिच्या डोक्यात काही शोधायला घ्यायच्या आत सांग तिला,” बायको म्हणाली, आणि उठून गेली.

त्याने लगेच फोन लावला. ताईने झोपेची गोळी घेऊन फोन बंद करून ठेवला होता. ती अशी गोळी कधी घ्यायची नाही.

सकाळी दहाला दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत पोचला तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. मांडीवर एक अर्ज घेऊन ती सुवाच्य अक्षरात भरत होती. नाव, वय, व्यवसाय. ‘विसरण्याचा त्रास कधीपासून?’ या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, ‘बुधवार’.

बारक्या तिच्या शेजारी बसला. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“ताई, तू काही विसरली नाहीस. मी केलंय ते.”

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. लहानपणी तो कुणाचा तरी आळ स्वतःवर घ्यायचा तेव्हा ती असंच बघायची.

“तुला म्हटलं ना, समजूत काढू नकोस.”

“समजूत नाही. बघ.” त्याने लॅपटॉप उघडून तिच्या मांडीवर ठेवला, अर्जावरच. “हजेरी घे. जशी घेतेस तशी.”

पडद्यावर तीच आठ ओळींची यादी होती. ताईची बोटं कळांवर गेली आणि अकरा वर्षांच्या सवयीने आपोआप चालू लागली. ‘एकच’. टॅब, टॅब, टॅब, टॅब, टॅब. शब्द खोडला. ‘ताजं’. तीन टॅब. एंटर. आठ ओळी आल्या. तिने परत केलं. यावेळी ‘एकच’ खोडल्यावर ती थांबली, खोडलेल्या जागी काहीच न टाकता सगळी यादी वर-खाली केली. पाचही चांदण्या जागच्या जागी होत्या.

“या पुसल्या जात नाहीत,” ती म्हणाली.

“आता नाही जात. मी बदललं. रविवारी तुझ्या यंत्रावर चढवलं ते हेच. मी तुला म्हणालो, काही नाही म्हणून.”

ताईचे खांदे हलायला लागले. बारक्याला वाटलं रडतेय. पण ती हसत होती, आवाज न करता, ओठ घट्ट मिटून, डोळ्यांतून पाणी काढत.

“म्हणजे मी नाही,” ती म्हणाली. “म्हणजे मला झालेलं नाही. काल रात्री मी माझ्या सगळ्या चाव्यांना चिठ्ठ्या बांधल्या रे बारक्या. कुठली कशाची. गोळी घ्यायच्या आधी घरातल्या भिंतीवर तुझा नंबर लिहिला, मोठ्या अक्षरात.” आणि मग तिचं हसू एकदम थांबलं. तिने तोंडावर हात ठेवला. “सतरा बियाणी जळाली आणि मी हसतेय.”

समोरच्या खुर्चीतला म्हातारा त्यांच्याकडे टक लावून बघत होता.

“मला तुझ्यावर रागवायचंय,” ताई जरा वेळाने म्हणाली. “ते होईलच. पण आधी एक सांग. खाली आकडा असायचा तो कुठे गेला?”

हाच प्रश्न येऊ नये म्हणून तो पहाटेपासून मनातल्या मनात हात जोडत होता.

“काढला.”

“का?”

“एक ओळ जास्त मावते. मला वाटलं...” त्याला ते टिपणातलं वाक्य आठवलं. “मला वाटलं, तो कुणी बघत नाही.”

“मी बघायचे,” ताई म्हणाली. “एंटर मारायच्या आधी दर वेळी. बुधवारीही बघितलं. आकडा नव्हता. मला वाटलं, तिथे आकडा असतो की नसतो, हेच मी विसरले.”

बारक्याची नजर पडद्याच्या तळाशी, आकड्याच्या जागेवर गेली.

“दोन-तीन मिनिटं बसले त्या पडद्याकडे बघत. मनात आलं तुला फोन करून विचारावं, का रे, खाली आकडा असायचा ना? पण मग लाज वाटली. अकरा वर्षं दर वेळी बघितलेली गोष्ट विचारायची कशी? आईसुद्धा असंच विचारायची, इथं खिडकी होती ना म्हणून. आणि तू तर म्हणाला होतास, काही बदललेलं नाही. मग बदललं कोण? मीच.” तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. “म्हणून मारला एंटर. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायच्या आत.”

स्वागताच्या टेबलावरच्या मुलीने ताईचा नंबर पुकारला. ताईने हात वर करून सांगितलं, “पुढच्यांना जाऊ दे. आमचं जरा काम आहे.” म्हातारा काठी टेकत लगबगीने उठला.

“किती जण वापरतात रे हे?” तिने विचारलं.

“चार हजारांवर.”

“आणि कधीपासून असं आहे?”

“दहा दिवस झाले.”

ताईने कपाळावर हात मारला. “मग इथं माझ्याजवळ काय बसलायस? कळव त्यांना. माझ्यासारखी आणखी कुणी बसली असेल कुठे, स्वतःला वेडी समजत.”

तिथंच, प्लास्टिकच्या खुर्चीवर, बारक्याने नवी आवृत्ती मागे घेतली आणि सगळ्यांना निरोप लिहिला. ताईने तो वाचला. त्याने लिहिलं होतं, ‘काही परिस्थितीत अनपेक्षित ओळी निवडल्या जाऊ शकतात.’ तिने मान हलवली.

“हे काय लिहिलंयस? यातनं कुणाला काय कळणार? लिही, तुम्हाला न दिसणाऱ्या ओळीसुद्धा जातात. लिही, आकडा मी काढला, तो तुम्ही विसरला नाहीत.”

त्याने तसंच लिहिलं. आणि पाठवलं. मोठ्या बाईंना तो स्वतः जाऊन सांगणार होता, राजीनामा परत मागणार होता. ताईला घेतील की नाही हे त्याच्या हातात नव्हतं. आणि बाकी काही त्याच्या हातात उरलंच नव्हतं. राख पिठासारखी बारीक होती.

ताईने लॅपटॉप बाजूला ठेवला. मांडीवरचा अर्ज कोऱ्या बाजूने उलटा केला आणि पेनासकट त्याच्या हातात दिला.

“आता हे लिही. भांडाराच्या वहीत गेलेले म्हणून मांडायचेत, मोठ्या बाईंना द्यावे लागतील.”

“यादी कुठंय?”

“यादी कशाला लागते?” ताई म्हणाली, आणि समोरच्या भिंतीकडे बघत हजेरी घ्यायला लागली. “चारशे बारा. काळा जव, डोंगरउतारावरचा, वाऱ्यातही आडवा पडायचा नाही. चारशे एकोणीस. आखूड दांड्याचा गहू, लाल कुसळाचा. सहाशे तीन. वाटाणा, एका गवंड्याच्या परसात सापडला होता, तो म्हणायचा आजीनं लावलेला. सहाशे चाळीस. मसूर, नखाएवढी. आठशे सत्तावीस. जवस, पांढऱ्या फुलाचं, मी स्वतः जाऊन आणलं होतं, नोकरीचं पहिलं वर्ष.”

ती थांबत नव्हती, अडखळत नव्हती. नंबर, नाव, कुणी दिलं, कुठल्या साली. बारक्या लिहीत होता आणि अक्षरं वाकडी येत होती. नवव्या नावाला टेबलावरच्या मुलीने हातातलं काम थांबवलं. तेराव्याला म्हातारा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आला आणि दारातच उभा राहून ऐकू लागला. पंधराव्या नावाला ताईचा आवाज जरा कापला, पण नंबर चुकला नाही.

“अकराशे नव्वद. भोपळा, कडू सालीचा, आतनं गोड. आणि बाराशे आठ. काकडी.” तिने बारक्याच्या कागदाकडे बघितलं. “काकडीबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. नुसती काकडी. सतरा झाले?”

बारक्याने बोट ठेवत वरपासून मोजले.

“सतरा,” तो म्हणाला.

“आकडा लिही खाली,” ताई म्हणाली.